एक्कावन्न टक्क्यांचा मित्र

आता आपण परक्या देशात छोटा धंदा काढण्याकडे येऊ. थायलंडचं उदाहरण घ्या. १९९९च्या तिथल्या कायद्यानुसार ज्या कंपनीत निम्मे किंवा अधिक शेअर परकीयांचे, ती कंपनी परकी; आणि परक्याला साधी खानावळ काढायची तरी खास परवाना लागतो. मग लोक काय करतात? ४९ टक्के आपल्याकडे ठेवतात, ५१ टक्के एखाद्या थाई मित्राच्या नावावर. पैसा सगळा आपला, मित्र सहीपुरता.

आपल्याला वाटतं, धोका एवढाच की मित्र उलटला तर? पण खरा धोका त्याच्याही पुढे आहे. असं नाव उसनं देणं-घेणं हाच तिथे गुन्हा आहे. दोघांनाही ३ वर्षांपर्यंत कैद, १० लाख बाथपर्यंत दंड होऊ शकतो. मग मित्राने दगा दिल्यावर कोर्टात आपण सांगणार काय? ‘धंदा खरा माझाच होता’ ही फिर्याद नव्हे, तो कबुलीजबाब झाला!

विश्वास मोडला की माणूस हक्काकडे वळतो. इथे तो हक्क आपण पहिल्याच सहीला सोडलेला असतो. म्हणून भांडवल मोजण्याआधी स्वतःला विचारावं: उद्या भांडण झालं, तर खरं बोलून आपण वाचू का?