फोनच्या दिनदर्शिकेंत समारंभ टिपतांना

शाळेची घंटा पाळण्यांत ज्याचीं उमेदीचीं वर्षें गेलीं त्याच्याच हातून वेळ चुकावी, हें सांगतांना मला संकोच वाटतो. परंतु आजच्या विषयाकडे मी वळलों तो त्या चुकीमुळेंच. गेल्या वर्षीं जुलैंत माझ्या एका बालमित्राची शोकसभा इंटरनेटच्या द्वारें मेलबर्नहून व्हावयाची होती. त्याच्या मुलीनें एका पानावर सभेचा दिवस, सायंकाळीं ७ ही वेळ आणि सभेंत शिरण्याचा दुवा दिला होता. तें पाहून मीं फोनच्या दिनदर्शिकेंत स्वहस्तें ‘सायंकाळीं ७’ असें टिपलें, बोलावयाच्या चार ओळीहि लिहून ठेवल्या, आणि ठरल्या वेळीं दुवा उघडला. आपल्या दुपारीं अडीच वाजतां सुरू झालेली ती सभा केव्हांच आटोपली होती! मेलबर्नचें घड्याळ आपल्यापुढें साडेचार तास असतें. तेथील उन्हाळ्यांत, ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत, तें आणखी एक तास पुढें सारतात. पंचांग हातीं घेतांना तें कोणत्या गांवासाठीं गणिलें आहे हें आपण पाहतों. येथें मात्र मीं तें पाहिलें नाहीं.

त्याच पानाच्या तळाशीं ‘दिनदर्शिकेंत नोंदवा’ अशा अर्थाचें एक बटण होतें. जाहिरात समजून मीं तें सोडून दिलें होतें. नातवानें तें दाबून दाखविलें, तेव्हां एक लहानशी फाइल फोनवर उतरली. अशा फाइलीच्या नांवाअखेर आय.सी.एस. हीं अक्षरें असतात आणि आंत साधा मजकूर असतो: समारंभाचें नांव, आरंभ, शेवट, स्थळ. ह्या मांडणीचे नियम इंटरनेट इंजिनियरिंग टास्क फोर्स ह्या मंडळानें १९९८ सालीं प्रसिद्ध केले व २००९ सालीं सुधारले. म्हणून निरनिराळ्या कंपन्यांच्या दिनदर्शिकांना एकच फाइल वाचतां येते.

खरी खुबी आहे ती वेळ लिहिण्याच्या रीतींत. आमच्या सभेची वेळ तींत ०९०००० आणि पुढें झेड हें अक्षर, अशी लिहिली होती. झेड म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. आपला फोन तींत साडेपांच तास मिळवून दुपारचे अडीच दाखवितो. मेलबर्नचा फोन दहा मिळवून सायंकाळचे सात. मात्र वेळेबरोबर झेडहि नाहीं आणि कोणत्या प्रदेशाची वेळ तेंहि नाहीं असें असेल, तर प्रत्येक फोन ती आपल्याच गांवची वेळ समजतो, आणि यंत्रहि माझ्यासारखेंच फसतें. तेव्हां नोंद कायम करण्यापूर्वीं पडद्यावर उमटलेली वेळ एकदां वाचावीच.

आयफोनवर बटण दाबतांच नोंद समोर येते व ती स्वीकारली कीं झालें. अँड्रॉइडवर फाइल पुष्कळदां ‘डाउनलोड्स’मध्यें जाऊन पडते, आणि ती उघडणारें अॅप हातीं नसलें तर माणूस गोंधळतो. ह्यासाठीं पुष्कळ पानांवर गूगलच्या दिनदर्शिकेचा निराळा दुवा ठेवतात. तो दाबला कीं सर्व मजकूर भरलेला तक्ता उघडतो, आपण फक्त ‘सेव्ह’ म्हणावयाचें.

आणखी एक भेद ध्यानांत असावा. फाइलीवरून घेतलेली नोंद ही नक्कल होय. पुढें पानावर वेळ बदलली तरी नक्कल जुनीच राहते. ‘सबस्क्राइब’ केलें, म्हणजे त्या दिनदर्शिकेचे वर्गणीदार झालों, तर तिकडील बदल कांहीं वेळानें आपल्याकडेहि येतो. शाळेचें वेळापत्रक किंवा सामन्यांचा कार्यक्रम ह्यांस ही रीत बरी. अनोळखी पानाची वर्गणी मात्र घेऊं नये. दिनदर्शिका जाहिरातींनीं भरून जाते, आणि एकेक नोंद पुसून भागत नाहीं, ती वर्गणीच काढून टाकावी लागते.

यंदा जुलैंत त्या मित्राच्या स्मरणार्थ पुन्हां सभा आहे. बटणावरून घेतलेली नोंद माझ्या फोनांत दुपारीं अडीच अशी उमटली आहे. तरीहि मीं मेलबर्नला फोन करून विचारलेंच. “वेळ बरोबर आहे, काका,” मुलगी म्हणाली, “आणि ह्या खेपेस पहिल्यानें तुम्हींच बोलावयाचें.”