दारातल्या चौघीजणी

मैत्रिणींनो, ‘लक्ष्मी चंचल असते’ असं आपण सहज म्हणून जातो. पण याची साक्ष देणारा एक दगडी वाडा दूर व्हिएन्ना शहरात उभा आहे, हे ठाऊक आहे का तुम्हांला?

बादशाही ग्रंथालयासमोर, ऐन राजवाड्याच्या शेजारी, हा वाडा बांधला योहान फ्रीस या पेढीवाल्याने. राणी मारिया थेरेसाच्या छापाची चांदीची नाणी तुर्की मुलखात पाठवण्याच्या व्यापारात त्याने अमाप पैसा मिळवला. १७८२ साली सम्राट दुसऱ्या जोसेफने इथला जोगिणींचा मठ बंद केला, आणि त्याच जागेवर दोनएक वर्षांत हा वाडा उभा राहिला. होहेनबर्ग या वास्तुशिल्पकाराने नव्या अभिजात पद्धतीप्रमाणे दर्शनी भाग अगदी साधा ठेवला. ना वेलबुट्टी, ना नक्षी! झालं, लोकांनी नावं ठेवायला सुरुवात केली. पुढे दाराशी त्साउनर या शिल्पकाराने घडवलेल्या चार दगडी स्त्रिया आल्या. दरवाज्यावरचा भार डोक्यावर घेऊन त्या आजही उभ्या आहेत.

धन्याला मात्र हे वैभव लाभलं नाही. १७८५ साली त्याचं प्रेत त्याच्याच गावाकडच्या हवेलीच्या तळ्यात सापडलं.

मुलगा मोरित्स मोठा रसिक निघाला. चित्रं काय, पुस्तकं काय, गाण्याच्या बैठकी काय! बेथोव्हेनने आपली सातवी सिंफनी त्यालाच अर्पण केली. जेरार या फ्रेंच चित्रकाराने काढलेलं त्याचं, बायकोचं आणि तान्ह्या बाळाचं चित्र पाहिलं, की वाटतं, या घराला काय कमी पडणार? पण १८२६ साली पेढीचं दिवाळं वाजलं, आणि त्याच वर्षी तो पॅरिसमध्ये वारला. १८४२ साली वाडा पालाविचिनी घराण्याकडे गेला. आता तो त्याच नावाने ओळखला जातो. ‘द थर्ड मॅन’ या १९४९ सालच्या चित्रपटात दिसतं ते हेच दार.

आता म्हणाल, आपल्याला काय त्याचं? आपली कुठली पेढी! पण बाई गं, घर केवढंही असो, त्याचा भार त्या चौघींसारखा आपल्याच डोक्यावर असतो. मग कर्ज किती, हप्ता किती, विमा कोणाच्या नावे, हे आपल्यालाही माहीत नको का? आज जेवणं आटोपली, की ह्यांच्याजवळ बसा आणि विचारा. ‘तुला काय कळतंय त्यातलं’ असं म्हणाले, तर म्हणा, “म्हणूनच तर विचारतेय, समजावून सांगा!”