हरळी, वाळू आणि काटकसर

शेतकऱ्याला हरळीइतका चिवट वैरी दुसरा नाही. नांगराखाली तिचे तुकडे झाले तर पेरापेराला नवा कोंब फुटतो. उन्हाळ्यात वाळून काडी झालेली हरळी पहिल्या पावसानंतर चार-आठ दिवसांत पुन्हा हिरवी होते. तीच गणपतीला दूर्वा म्हणून वाहताना मात्र आपण तिच्या एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधतो. या गवताला इंग्रजीत बर्म्युडा गवत म्हणतात आणि जगातल्या उष्ण प्रदेशांतली असंख्य गोल्फ मैदाने त्याच्याच कुळावर उभी आहेत. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, टिफ्टन येथे ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने आपली ही साधी हरळी आणि तिची बारीक पानांची आफ्रिकी बहीण यांच्या संकरातून १९५६ मध्ये ‘टिफग्रीन’ हे वाण दिले. पुढे १९६५ मध्ये त्याहून आखूड ‘टिफड्वार्फ’ आले. ज्याला आपण तण म्हणून उपटतो, ते इतरत्र गालिच्यासारखे जपले जाते.

गालिचा म्हटला की पैसा आला. गोल्फ म्हणजे बड्यांचा खेळ, ही आपल्याकडची समजूत अगदीच चुकीची नाही. पण या खेळाच्या मायभूमीत, स्कॉटलंडमध्ये, दुसरीही परंपरा आहे. एडिंबरा शहराच्या पालिकेने १८८९ मध्ये ब्रेड हिल्सच्या टेकडीवर सर्वांसाठी मैदान खुले केले. न्यूयॉर्कच्या व्हॅन कॉर्टलंड पार्कमध्ये १८९५ पासून सार्वजनिक मैदान आहे. अठराऐवजी नऊच भोके, दोन-तीन माणसांचा कर्मचारीवर्ग, काही ठिकाणी तर फी स्वतःहून टाकण्यासाठी फाटकाशी ठेवलेली पेटी, अशी शेकडो छोटी मैदाने ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात आहेत. तिथे जाणारा नवखा माणूस बहुधा एकच तक्रार करतो : मैदान नीट राखलेले नाही. ही तक्रार कधी खरी असते, कधी नसते. काटकसर आणि हेळसांड दुरून सारख्याच दिसतात. त्या वेगळ्या ओळखायच्या कशा, हा या लेखाचा विषय आहे.

आधी मैदानाची रचना पाहू. जिथून पहिला फटका मारायचा तो ‘टी’, मधला कापलेल्या गवताचा पट्टा ‘फेअरवे’, त्याच्या कडेचे वाढू दिलेले गवत ‘रफ’, वाटेतले वाळूचे खड्डे ‘बंकर’ आणि शेवटी भोक असलेली गुळगुळीत जागा म्हणजे ‘ग्रीन’. नऊ भोकांचे मैदान पन्नास-साठ एकरांवर पसरलेले असू शकते. पण एक ग्रीन सरासरी पाच हजार चौरस फुटांचे धरले, तर नऊ ग्रीन मिळून जेमतेम एक एकर भरते. आता खेळाचा हिशेब पाहा. नऊ भोकांसाठी साधारण छत्तीस फटके अपेक्षित असतात आणि त्यांत प्रत्येक ग्रीनवरचे दोन, म्हणजे अठरा फटके गृहीत धरलेले असतात. निम्मा खेळ त्या एका एकरावर होतो. म्हणून गरीब मैदानाचा शहाणा राखणदार जवळचा पैसा, पाणी आणि सकाळचे तास आधी त्या एकरावर खर्च करतो. उरले तर टीवर, त्यानंतर फेअरवेवर. रफच्या वाट्याला बहुधा काहीच येत नाही. ज्याला हा क्रम ठाऊक नाही, त्याला पन्नास एकर रापलेले रान दिसते आणि नीट राखलेला एक एकर नजरेतून सुटतो.

त्या एकरावरही एक मोह टाळावा लागतो. तो म्हणजे वेगाचा. ग्रीनवर चेंडू किती सहज घरंगळतो हे मोजण्याचे एक साधे साधन एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकन खेळाडूने १९३५ मध्ये तयार केले. ती छत्तीस इंच लांबीची पन्हळ असते. तिच्या खाचेत चेंडू ठेवून एक टोक हळूहळू उचलायचे. ठरावीक चढ झाला की चेंडू सुटतो आणि सपाटीवर तो किती फूट गेला ते मोजायचे. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात या साधनाने देशभरची ग्रीन मोजली, तेव्हा सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास निघाली. आज मोठ्या स्पर्धांमध्ये हा आकडा बाराच्या पुढे जातो. त्यासाठी गवत तीन मिलिमीटर किंवा त्याहूनही आखूड कापावे लागते.

पान हे गवताचे स्वयंपाकघर आहे. पान जितके कापावे तितके अन्न कमी तयार होते आणि मुळे वरच्यावर राहतात. वरच्यावर राहिलेल्या मुळांना दुपारच्या उन्हात पाणी पुरत नाही. दमलेल्या गवतावर बुरशी बसते. बुरशीसाठी औषध आणावे लागते. म्हणजे वेगाच्या दोन-तीन फुटांसाठी पाणी, औषध आणि माणूस अशा तिन्हींचा खर्च वाढतो. छोटे मैदान गवत साडेचार-पाच मिलिमीटर ठेवते, तेव्हा ते आळशीपणा करत नसते. कापण्याऐवजी मधूनमधून हलका रोलर फिरवला तरी पृष्ठभाग एकसारखा राहतो. मिशिगन राज्य विद्यापीठातल्या प्रयोगांत तर अशा रोलरने एका बुरशीजन्य रोगाचे डागही कमी झालेले दिसले. क्रिकेटच्या खेळपट्टीवर रोलर फिरताना पाहत आलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटायला नको. फरक इतकाच, की खेळपट्टीवर गवत मेले तरी खेळ होतो. ग्रीनवर ते जिवंत राहावे लागते.

त्याखालची माती हा दुसरा प्रश्न. श्रीमंत मैदानांची ग्रीन १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आराखड्यानुसार बांधतात : तळाशी निचऱ्याच्या नळ्या, त्यावर चार इंच खडी आणि तिच्यावर बारा इंच वाळूचे मिश्रण. जुन्या छोट्या मैदानांवर हे नसते. तिथलीच माती ढकलून उंचवटा केलेला असतो आणि वर गवत. शेकडो पावलांखाली ही माती दबते, हवा-पाणी आत जात नाही, मुळे गुदमरतात. त्यावर उपाय म्हणजे पोकळ सळ्यांनी बोटाएवढी जाड भोके पाडायची, मातीचे गोळे उचलायचे आणि भोकांत वाळू भरायची. दोन-तीन आठवडे चेंडू उड्या मारतो, खेळणारा चिडतो आणि मैदानाला नावे ठेवतो. खरे तर भोके पाडलेले ग्रीन हा मैदानावर कोणीतरी लक्ष ठेवून असल्याचा भक्कम पुरावा आहे. ज्या मैदानावर कित्येक वर्षे अशी भोके पडलेली नाहीत, त्याची काळजी करावी.

वाळूचा हा गुण पहिल्यांदा पद्धतशीर वापरणाऱ्यांत टॉम मॉरिस यांचे नाव घेतात. प्रेस्टविक आणि नंतर सेंट अँड्र्यूज येथे त्यांनी राखणदार म्हणून काम केले. ग्रीनवर वाळू पसरण्याचा त्यांचा आग्रह गोल्फच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानाला रविवारची सुटी असते, ही प्रथाही निगेचाच भाग म्हणायला हवी. जमिनीला विश्रांती देणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, पण एका दिवसाचे उत्पन्न सोडायची तयारी लागते.

गवतच परवडत नसेल तर? मग फक्त वाळू. नॉर्थ कॅरोलिनातले पाइनहर्स्टचे क्रमांक दोनचे मैदान आज अमेरिकेतल्या सर्वांत मानाच्या मैदानांत गणले जाते. १९०७ पासून जवळजवळ तीन दशके त्याची ग्रीन वाळूची होती. गवत आले ते १९३५ मध्ये. कॅन्सस, नेब्रास्काच्या लहान गावांत आणि ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात अशी वाळूची ग्रीन अजून आहेत. वाळू उडू नये म्हणून तिच्यात तेल मिसळत. खेळून झाले की पुढच्या माणसासाठी ओढणीने पृष्ठभाग सारखा करून जायचा, हा तिथला शिष्टाचार. ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडी या ओपल खाणींच्या गावात तर खेळाडू कृत्रिम गवताचा तुकडा बरोबर नेतात आणि फटक्यापुरता तो चेंडूखाली ठेवतात. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या कोरड्या छावण्यांमध्येही अशाच वाळूच्या जागा असत. त्यांना ‘ग्रीन’ म्हणणे शक्यच नव्हते, म्हणून सरळ ‘ब्राउन’ म्हणत.

फेअरवेची गोष्ट वेगळी. स्कॉटलंडच्या पश्चिमेला साउथ युइस्ट बेटावर आस्कर्निश नावाचे मैदान आहे. त्याची आखणी १८९१ मध्ये टॉम मॉरिस यांनीच केली होती. काळाच्या ओघात त्याचा मोठा भाग कुरणात हरवला. तो शोधून काढून २००८ मध्ये मैदान पुन्हा सुरू झाले. त्या काळात चराईच्या हक्कावरून बेटावरच्या छोट्या कसणाऱ्यांशी वाद झाला आणि तो न्यायालयापर्यंत गेला. आज हिवाळ्यात तिथे गुरे-मेंढ्या चरतात आणि खत म्हणून समुद्रशेवाळ वापरतात. एडविन बडिंगने १८३० मध्ये गवत कापण्याचे यंत्र काढले, त्याआधी सगळीकडे हेच होते : मेंढ्या कापत, ससे कुरतडत, वारा वाळू पसरत असे. फेअरवेला पाणी न देणे ही तिथे उणीव मानत नाहीत. बारीक पानांचे फेस्क्यू गवत उन्हाळ्यात पिवळे पडते आणि पावसाबरोबर परत येते.

मग हिरव्यागार मैदानाचा हट्ट आला कुठून? त्याचा मोठा वाटा दूरचित्रवाणीकडे जातो. जॉर्जियातल्या ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धा १९६६ मध्ये प्रथमच रंगीत दिसली. वसंतातल्या एका आठवड्यासाठी वर्षभर सजवलेले ते मैदान पाहून गावोगावचे सभासद आपल्या राखणदाराकडे तसाच रंग मागू लागले. या हट्टाला त्या व्यवसायात ‘ऑगस्टाचा आजार’ असेच म्हणतात. त्यापायी पाण्याची नळयोजना आली, खते आली, फी वाढली आणि स्वस्त मैदानाचा स्वस्तपणा गेला.

याची गंमत अशी, की श्रीमंतांना तपकिरी रंग शोभून दिसतो. २००६ मध्ये हॉयलेकच्या वाळलेल्या, पिवळ्या फेअरवेंवर टायगर वुड्सने ब्रिटिश ओपन जिंकली. चार दिवसांत ड्रायव्हर ही सर्वांत लांब पल्ल्याची काठी त्याने एकदाच वापरली, कारण कडक जमिनीवर चेंडू आपोआप धावत होता. पाइनहर्स्टने २०१० नंतर ३५ एकरांहून अधिक हरळी काढून टाकली आणि पाण्याच्या फवाऱ्यांची संख्या निम्म्याहून कमी केली. २०१४ ची अमेरिकन ओपन त्याच रापलेल्या जमिनीवर झाली. तिथल्या तपकिरी रंगाला जाणकार ‘नैसर्गिक’ म्हणाले. नाक्यावरच्या पालिकेच्या मैदानाचा तोच रंग ‘दुर्लक्ष’ ठरतो.

पण म्हणून प्रत्येक तपकिरी मैदानाला काटकसरीचे प्रमाणपत्र देणे हेही चुकीचे ठरेल. वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना इतर मैदानांवर मोकळा प्रवेश नव्हता. त्यांच्या दीर्घ मागणीनंतर १९३९ मध्ये लँगस्टन मैदान सुरू झाले : फक्त नऊ भोकांचे, काही भाग कचऱ्याच्या भरावावर. अठरा भोके व्हायला १९५५ साल उजाडले. अशा ठिकाणची उजाड जमीन ही कोणाच्या शहाणपणाची निवड नसते. कोणाला किती द्यायचे हे आधीच ठरलेले असते, आणि ते जमिनीवर उमटते.

फरक ओळखायच्या खुणा आहेत. तपकिरी गवत दाट आहे की मधून चिखल दिसतो? भोकाची कड धारदार आहे का, म्हणजे ते दर एक-दोन दिवसांनी नव्या जागी हलवले जाते का? १८९१ च्या नियमांपासून भोकाचा व्यास सव्वाचार इंच आहे. फाटलेल्या कडेचे, पसरलेले भोक म्हणजे तिथे बरेच दिवस कोणी फिरकलेले नाही. पावसाळी चर साफ आहेत का? बंकर थोडे पण नीट आहेत, की अनेक आणि तणाने भरलेले? बंकरला मजूर फार लागतात, पावसात त्याच्या कडा कोसळतात. म्हणून निम्मे बुजवून गवताचे खळगे करणारे मैदान विचार करून चाललेले असते. ग्रीनच्या पूर्वेची झाडे सकाळचे ऊन अडवत असतील आणि तरीही कोणी फांदी छाटली नसेल, तर पैशाची नव्हे, निर्णयाची कमतरता आहे. टीवरच्या खुणेच्या ठोकळ्यांखालचे गवत मेले असेल, तर तेही तेच सांगते. ठोकळे चार पावले सरकवायला पैसा लागत नाही.

निगेचा एक वाटा खेळणाऱ्याकडेही असतो. उंचावरून ग्रीनवर पडलेला चेंडू खळगा पाडतो. तो लगेच बुजवला तर थोड्याच दिवसांत भरून येतो. तसाच सोडला तर कित्येक आठवडे डाग राहतो. त्यासाठी दोन दातांचा लहानसा काटा पुरतो. पुष्कळजण तो खाली खुपसून माती वर उचकटतात. त्याने मुळे तुटतात आणि मधले गवत मरते. काटा खळग्याच्या कडेबाहेर रोवावा, चहूबाजूंनी गवत मध्याकडे ढकलावे आणि वरून पायाने हलके दाबावे. याला दहा-बारा सेकंद लागतात. दोन माणसांच्या भरवशावर चाललेल्या मैदानावर हे काम दुसरे कोणी करणार नसते.