कायद्याची डॉक्टरकी आणि बडोद्याचे देणे

‘एल्एल्. डी.’ या पदवीत ‘एल्’ दोनदा का, असे पुष्कळांना वाटते. लॅटिनमध्ये अनेकवचन दाखवण्यासाठी आद्याक्षर दुप्पट लिहीत. म्हणजे ‘कायद्यांचा आचार्य’. कायद्याची पदवी, मग एल्एल्. एम्., मग प्रबंध लिहून पीएच्. डी. अशा पायऱ्या चढणारी मुले-मुली आज आपल्या दांडिया बाजारातही आहेत. एल्एल्. डी. मात्र विद्यापीठे बहुधा सन्मान म्हणून देतात. अशा एका एल्एल्. डी.शी आपल्या बडोद्याचा जवळचा संबंध आहे.

५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ही पदवी दिली. त्याच विद्यापीठात १९१३ साली ते शिकायला गेले होते ते श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार होता.

ही डॉक्टरकी आयती आली नाही. १९१५ साली ते एम्. ए. झाले. १९१६ साली लंडनला जाऊन अर्थशास्त्राच्या अभ्यासाबरोबर ग्रेज इनमध्ये त्यांनी बॅरिस्टरीसाठी नाव घातले. तिथे अभ्यासाइतकेच सत्रांतल्या ठराविक भोजनांना हजर राहणेही सक्तीचे असे! शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना अर्ध्यातून परतावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून शिल्लक टाकली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हात दिला, मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. बॅरिस्टरी पदरात पडली, १९२३ साली लंडनची डी. एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच्. डी. तर १९२७ साली हाती आली. तिचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने निघाला, तो त्यांनी शिक्षणाच्या साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून सयाजीराव महाराजांना अर्पण केला आहे.

एवढे आपण अभिमानाने सांगतो. पुढचे मात्र सांगत नाही.

करारानुसार १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर हजर झाले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. नाव बदलून एका पारशी पथिकाश्रमात त्यांनी अकरा दिवस काढले. मग लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. दोन मित्रांकडे विचारणा केली, दोघांनीही अडचण सांगितली. कमाटी बागेत बसून त्यांनी वेळ काढली आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

माझे वडील दरबारी गवई. आमची चूल पेटली ती त्याच तिजोरीच्या पगारावर. परंतु आम्हाला घर कुणी नाकारले नाही. महाराजांनी पैसा दिला. खोली द्यायची होती ती तुमच्या-आमच्या आजोबा-पणजोबांनी, आणि पथिकाश्रम पारश्यांचा होता म्हणून आपली घरे सुटत नाहीत.

पुढे या विद्वानाने राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद सांभाळले आणि अस्पृश्यता पाळणे घटनेनेच बंद केले. कायद्यांचा आचार्य हे बिरुद त्यानंतर न मागता आले.

बागेतली ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. फिरायला जाल तेव्हा तिथे थोडे थांबा. आणि परगावचा कुणी विद्यार्थी खोली विचारत दारी आला, तर आडनाव विचारण्याआधी आत बोलवा.