भटारखान्याची जबाबदारी कोणाची?

घाणेरड्या भटारखान्यात अन्न शिजवले, एवढ्यावरच हॉटेलमालकाला दंड होऊ शकतो. ते खाऊन कोणी आजारी पडायची वाट पाहावी लागत नाही. 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याचे कलम 56 तसे सांगते, आणि ते रास्तच आहे. अन्नातून झालेली बाधा अमुक एका ताटातूनच झाली, हे सिद्ध करणे फार अवघड असते. स्टॅफिलोकोकसच्या विषाने काही तासांतच उलट्या सुरू होतात, पण साल्मोनेलाचा त्रास दोन-तीन दिवसांनीही सुरू होऊ शकतो. तोवर गिऱ्हाइकाने आणखी चार ठिकाणी खाल्लेले असते, उरलेली भाजी कचऱ्यात गेलेली असते. पिठातल्या अळ्या आणि तुंबलेली मोरी मात्र तपासणी करणाऱ्याला जागेवरच दिसतात.

खटकते ती शिक्षेची उतरंड. कलम 56 चा दंड जास्तीत जास्त एक लाख रुपये. त्यात कैद नाही. पण याच कायद्याच्या व्याख्येनुसार अस्वच्छ जागी तयार केलेले किंवा ठेवलेले अन्न ‘असुरक्षित’ही ठरू शकते, आणि मग प्रकरण कलम 59 खाली फौजदारी न्यायालयात जाते. तिथे माणूस दगावला तर किमान सात वर्षे ते जन्मठेप आणि किमान दहा लाख दंड. घाण तीच, मालकाचा निष्काळजीपणाही तोच. कोणाचे नशीब बलवत्तर होते यावर शिक्षा बदलते. शिवाय एक लाखाने कोपऱ्यावरच्या खानावळीचे कंबरडे मोडते, तर शंभर शाखांच्या साखळीला तो किरकोळ खर्च. दंड ठरवताना झालेला फायदा आणि गुन्ह्याची पुनरावृत्ती पाहा, असे कलम 49 म्हणते खरे, पण कमाल मर्यादा ओलांडता येत नाही.

मुंबईत बसलेल्या मालकाला नाशिकच्या शाखेतले झुरळ कसे दिसणार, असा बचाव ऐकू येतो. कायद्याने त्याची सोय केली आहे, जरा जास्तच. कलम 66 प्रमाणे कंपनी प्रत्येक शाखेसाठी जबाबदार व्यक्ती नेमू शकते, आणि बहुधा तो पगारी व्यवस्थापक असतो. दुसरा फ्रीज घ्यायचा अधिकार त्याला नसतो, खटल्यात नाव मात्र त्याचे. संचालकांची संमती किंवा हयगय सिद्ध झाली तर तेही अडकतात. तपासाने तिथवर जायला हवे. ज्याने खरोखर काळजी घेतली, त्याला कलम 80 वाचवते. पण त्यासाठी फ्रीजच्या तापमानाच्या नोंदी, कीटकनाशक फवारणीच्या पावत्या, आचाऱ्यांच्या वार्षिक वैद्यकीय तपासण्या दाखवता आल्या पाहिजेत. ‘मला वाटले सगळे ठीक आहे’ हा बचाव तेच कलम साफ नाकारते.

इंग्लंडमध्ये 2016 पासून असा दंड ठरवताना कंपनीची उलाढाल पाहतात. मुदत संपलेले पदार्थ विक्रीस ठेवल्याबद्दल टेस्कोला 2021 मध्ये 75 लाख 60 हजार पौंड भरावे लागले. आपल्याकडे दंड वाढला तर हप्ता वाढेल, ही शंका खोटी नाही. पण कलम 32 ची सुधारणा-नोटीस लेखीच द्यावी लागते: दोष कोणते, उपाय कोणते, मुदत किती. छोट्या खानावळीलाही त्यातून दंडाआधी सुधारायची संधी मिळते. ही नोटीस हॉटेलच्या दारावर लावायची सक्ती केली, तर ती दडपणे अधिकाऱ्यालाही जड जाईल.