गाडीतला टेप काढू नका

आमची मारुती ८०० १९९७ सालची. शोरूममधून आली तेव्हा तिच्यात टेप नव्हता. बाबांनी महिन्याभराने तो बाजारातून बसवून घेतला आणि मागच्या पार्सल ट्रेवर दोन लंबगोल स्पीकर टाकले. पंडित भीमसेन जोशींच्या अभंगांच्या कॅसेटी त्यावर इतक्या वाजल्या, की पुढे फिती सैल पडून आत गुंडाळल्या जाऊ लागल्या. तेच अभंग माझ्या खिशातल्या एमपीथ्री प्लेअरमध्ये होते, पण ते गाडीत वाजवायचे कसे? ज्या दुकानात विचारावं तिथे एकच उत्तर मिळे: हा टेप काढा, नवा बसवा. टेप तर ठणठणीत होता. अडचण एवढीच, की गाण्याला आत शिरायला वाट नव्हती.

प्लेअरची वायर थेट स्पीकरला जोडायचा मोह बऱ्याच जणांना होतो. तसं करू नये. हेडफोनच्या जॅकमधून येणारी ताकद काही मिलीवॅट, फार तर काही डझन मिलीवॅट असते. गाडीचा ४ ओहमचा स्पीकर नीट वाजायला काही वॅट तरी लागतात. आवाज कुजबुजीएवढा येतो आणि प्लेअरच्या चिपवर विनाकारण ताण पडतो. मध्ये अ‍ॅम्प्लिफायर हवाच, आणि तो आपल्या जुन्या टेपच्या पोटात आयता बसलेला असतो.

त्याच्यापर्यंत पोचायची सर्वांत स्वस्त वाट म्हणजे कॅसेट अडॅप्टर. दोन-चारशे रुपयांची ही वस्तू मला अजूनही विलक्षण वाटते. मी एक उघडून पाहिला. बारीक स्क्रू काढले, तर आत फीत नाहीच. टेपचं हेड जिथे फितीला टेकतं, बरोबर त्या जागी अडॅप्टरचं स्वतःचं एक हेड बसवलेलं, आणि त्यातून निघालेली बारीक वायर ३.५ मिलिमीटरच्या पिनेपर्यंत गेलेली. खऱ्या कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने हेडसमोरून सरकते आणि तिच्यावरचं बदलतं चुंबकत्व हेड वाचतं. ते चुंबकत्व फितीतून आलं की तारेच्या वेटोळ्यातून, हे हेडला कळायचं काही कारण नाही. अडॅप्टर प्लेअरमधल्या गाण्याचं तसंच बदलतं चुंबकत्व करून त्याच्यासमोर धरतो. फिलिप्सने १९६३ साली आणलेल्या कॅसेटचं माप जगभर एकच राहिलं, म्हणून कुठलाही अडॅप्टर कुठल्याही टेपमध्ये जातो.

आतली प्लास्टिकची दातेरी चाकं मात्र वेगळ्या कामाची. फीत फिरायची थांबली की ऑटो-स्टॉपवाला टेप बंद पडतो आणि ऑटो-रिव्हर्सवाला बाजू बदलतो. दोन्ही चकत्या फिरत ठेवून ही चाकं त्याला फसवतात. अडॅप्टरची करकर येते ती यांचीच. आवाज दबका येत असेल, तर नवा अडॅप्टर आणण्याआधी टेपचं हेड साफ करावं. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन हळूच पुसलं, की काडी तपकिरी होते आणि टाळ पुन्हा खणखणीत ऐकू येतात.

टेपची यंत्रणाच बिघडली असेल आणि रेडिओ चालू असेल, तर एफएम ट्रान्समीटर घ्यावा. तो लायटरच्या सॉकेटमध्ये बसतो आणि ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये आपलं एक छोटं स्टेशन लावतो. शहरात याची कसोटी लागते. पुण्यात ९१.१, ९३.५, ९८.३ आणि आकाशवाणीचं १०१ अशा जागा आधीच भरलेल्या. एफएमचा स्वभावच असा, की एका जागेवर दोन स्टेशनं आली तर जोरकस असेल तेच ऐकू येतं. पुण्यात मोकळी सापडलेली जागा कोल्हापूर येईपर्यंत मोकळी राहीलच असं नाही. गाडीची एरियल आत ढकलली तर बाहेरची स्टेशनं मंदावतात आणि आपलं वर येतं. तरीही आवाजाच्या दर्जात मी अडॅप्टरलाच वरचा नंबर देईन. टेपच्या मागे ऑक्सचं सॉकेट असेल, तर दोन्हींची गरज नाही. टेप बाहेर काढून मागची बाजू एकदा जरूर पाहावी.

जीप किंवा ओम्नीत नुसते स्पीकर उरले असतील, तर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पीएएम८४०३ चिपचा बोटभर बोर्ड मिळतो. तो ५ व्होल्टवर, म्हणजे मोबाइलच्या चार्जरवर चालतो आणि दोन स्पीकरना प्रत्येकी ३ वॅटपर्यंत ताकद देतो. एक गोष्ट जपायची: याची स्पीकरची उणे वायर गाडीच्या बॉडीला लावायची नाही. जुन्या वायरिंगमध्ये ती बऱ्याचदा बॉडीला जोडलेली असते. तशीच ठेवली तर चिप जळू शकते, म्हणून प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र दोन वायरी ओढाव्यात.

शेवटची तक्रार कुंईऽऽ अशा आवाजाची. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तोही चढतो. हा अल्टरनेटरचा आवाज. प्लेअर लायटरवर चार्जिंगला आणि त्याच वेळी वायरीने टेपलाही जोडलेला असला, की अर्थिंगच्या दोन वाटा होतात आणि त्यांतून तो गाण्यात शिरतो. आधी चार्जर उपसून पाहावा. आवाज गेला, तर प्लेअरला पॉवर बँक लावावी, नाहीतर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घालावा. त्यात दोन इवलेसे ट्रान्सफॉर्मर असतात, ते गाणं पुढे जाऊ देतात आणि वायरींचा थेट संबंध तोडतात. प्लेअरचा आवाज पूर्ण न चढवता पाऊण ठेवावा आणि उरलेला टेपवर वाढवावा, म्हणजे तो फाटत नाही.

आमच्या गाडीत आता अडॅप्टरच्या पिनेला ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर लावलाय, कारण बाबांच्या नव्या फोनला हेडफोनचा जॅकच नाही. घरी पोचल्यावर ते चावी फिरवण्याआधी आठवणीने इजेक्ट दाबतात. कॅसेट आत तशीच राहिली, तर टेपचा रबरी रोलर दाबून राहतो आणि त्याला खळी पडते. अडॅप्टर बाहेर आला की त्याची वायर बोटांभोवती गुंडाळून ते तो जुन्या कॅसेटच्या डबीत ठेवतात.