फ्लॅन
फ्लॅन : आयर्लंडमधील एक प्राचीन व्यक्तिनाम. मध्ययुगाच्या पूर्वार्धात ते स्त्री व पुरुष या दोघांनाही दिले जाई. जुन्या आयरिश भाषेत ‘फ्लॅन’ या शब्दाचा विशेषण म्हणून अर्थ ‘रक्तासारखा तांबडा’ व नाम म्हणून ‘रक्त’ असा होतो. रंगवाचक शब्दांपासून व्यक्तिनामे बनविण्याची प्रथा आयर्लंडमध्ये रूढ होती. फिन (शुभ्र), डॉन (तपकिरी) व कीअर (काळसर) या शब्दांपासूनही नावे तयार झाली.

या नावाचे रूप दोन्ही लिंगांत एकच असल्याने ते धारण करणारी व्यक्ती पुरुष की स्त्री, हे नुसत्या नावावरून समजत नाही. त्यापुढील ‘मॅक’ (पुत्र) किंवा ‘इनियन’ (कन्या) या शब्दांवरून ते ठरते. याचे उत्तम उदाहरण एकाच राजकुलात आढळते. फ्लॅन सिना (कार. ८७९–९१६) हा टाराचा राजा. क्लॉनमॅकनॉइझ येथील मठात उभारलेल्या प्रसिद्ध कोरीव क्रुसावर त्याचे नाव आहे. ऑस्री येथील राजा डून्गाल याची कन्या ही त्याची माता. फोर मास्टर्सच्या इतिवृत्तात (१६३२–३६) तिचेही नाव फ्लॅन असेच दिले असून, तिने क्लॉनमॅकनॉइझ येथे प्रायश्चित्त घेतले व तेथेच तिचे दफन झाले, अशी नोंद आहे. काही साधनांत तिचे नाव लॅन असेही येते.

हे नाव धारण करणाऱ्या इतर व्यक्तींमध्ये मनस्टरबॉइस येथील मठाच्या विद्यापीठाचा प्रमुख, कवी व इतिहासकार फ्लॅन मानिस्ट्रेख (मृ. १०५६) हा उल्लेखनीय आहे. नॉर्थम्ब्रियाचा राजा ऑल्डफ्रिथ (कार. ६८५–सु. ७०५) हा आयरिश परंपरेत फ्लॅन फीना या नावाने ओळखला जाई. किलालू येथील संत फ्लॅनन याचे नाव म्हणजे याच शब्दाचे लघुत्वदर्शक रूप होय.

दहाव्या शतकापासून आयर्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावे रूढ होऊ लागली. ती पुरुष पूर्वजाच्या नावावरून घेतली जात. ‘ओ फ्लिन’ म्हणजे फ्लॅनचा वंशज. त्यापासून फ्लिन व ओफ्लिन, तर फ्लॅनगान या लघुत्वदर्शक नावापासून फ्लॅनगन हे आडनाव आले. स्त्रीच्या आडनावात व्याकरणनियमानुसार आद्य ‘फ’ अनुच्चारित राहतो आणि ‘नी लिन’ असा उच्चार होतो. अशा रीतीने आडनावांतून या नावाचा प्रसार झाला, तरी त्यांत केवळ पुरुष पूर्वजांची स्मृती टिकली. फ्लॅन नावाच्या स्त्रिया मात्र इतिवृत्तांतील व वंशावळींतील त्रोटक नोंदींपुरत्याच उरल्या.

विसाव्या शतकात ब्रायन ओनोलन (१९११–६६) या लेखकाने ‘फ्लॅन ओब्रायन’ या टोपणनावाने कादंबरीलेखन केल्यामुळे हे नाव आयर्लंडबाहेरही परिचित झाले. व्यक्तिनाम म्हणून ते आज विरळ असून प्रायः पुरुषांनाच दिले जाते.